अणुभट्टीवरची एकटी बाई

अमेरिकेत वॉशिंग्टन नावाचं एक राज्य आहे. राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, हे पार दुसऱ्या टोकाला, वायव्येला. तिथे कोलंबिया नदीच्या काठी, हॅनफर्डच्या उजाड माळावर, १९४४ साली एक अवाढव्य अणुभट्टी उभी राहिली. तिचं नाव बी रिॲक्टर. हजारो पुरुष राबत होते तिथे. आणि एका बाईसाठी, फक्त एकीसाठी, त्या इमारतीत वेगळं स्वच्छतागृह ठेवावं लागलं. भट्टी उभारणारी ड्यूपॉन्ट कंपनी होती, तिने ते दिलं. मैत्रिणींनो, आपल्याकडे अजूनही कित्येक कचेऱ्यांत, शाळांत बायका सकाळी घरून निघताना पाणी कमी पितात, का ते आपल्याला सांगायला नको. त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला आधी त्या बाईचं कौतुकच वाटलं. मग ती तिथे काय करत होती ते वाचलं आणि कौतुक जरा अडखळलं.

तिचं नाव लिओना वूड्स. ९ ऑगस्ट १९१९ रोजी शिकागोजवळच्या ला ग्रेंज गावी, शेतकरी घरात जन्म. पाच भावंडांतली दुसरी. चौदाव्या वर्षी शाळा संपवून मोकळी झाली आणि १९३८ मध्ये, वयाची १९ वर्षंही पुरी व्हायच्या आत, शिकागो विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी तिच्या हातात होती. पुढे डॉक्टरेट करायची म्हणून ती जेम्स फ्रँक या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाकडे गेली. त्याने तिला स्पष्ट बजावलं की बाईच्या जातीला या क्षेत्रात पोट भरणं कठीण, उपाशी मरशील. गंमत म्हणजे, तो स्वतः ज्यू असल्यामुळे त्यालाही तरुणपणी त्याच्या गुरूने असंच सांगितलं होतं म्हणे! लिओना वाद घालत बसली नाही. तिने दुसरा मार्गदर्शक शोधला, रॉबर्ट मलिकन, आणि १९४३ मध्ये डॉक्टर झाली.

त्याआधीच ती एन्रिको फर्मींच्या गटात दाखल झाली होती. फर्मी म्हणजे इटलीहून आलेला मोठा माणूस, नोबेलविजेता. युद्धाचे दिवस होते आणि हिटलर आधी अणुबॉम्ब करील या धास्तीने सगळे झपाटले होते. लिओनाचा हात काचकामात, निर्वात यंत्रांत चांगला बसलेला. न्यूट्रॉन मोजायची नाजूक उपकरणं बनवायचं काम तिच्याकडे आलं. शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागाराखाली स्क्वॉश खेळायची एक खोली होती, तिथे ग्राफाईटच्या विटांचे ५७ थर रचून, मधूनमधून युरेनियम ठेवून जगातली पहिली अणुभट्टी उभी राहिली. काळ्या भुकटीने सगळे कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे दिसत. २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी ती भट्टी पेटली. पेटली म्हणजे ज्वाळा नव्हेत बरं का, मोजणीयंत्रांची टिकटिक वाढत गेली एवढंच. चाळीसेक माणसं हजर होती आणि त्यांत बाई एकच. २३ वर्षांची लिओना.

त्याच संध्याकाळी फर्मींच्या घरी मेजवानी होती. येणारा प्रत्येक जण फर्मींचं अभिनंदन करत होता आणि त्यांची बायको लॉरा बिचारी गोंधळून गेली, कारण तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेवटी तिने लिओनाला गाठलं. ही तरी खरं सांगेल! लिओनाने सांगितलं, की फर्मींनी एक जपानी सेनापती जहाजासकट बुडवलाय. लॉराला खरी गोष्ट युद्ध संपताना कळली. घरातल्या बाईला शेवटी कळायचं ही रीत तिकडेही होती, आणि इथे ती पाळायला दुसरी बाईच हजर होती.

१९४३ च्या जुलैमध्ये लिओनाने त्याच गटातल्या जॉन मार्शलशी लग्न केलं. लवकरच दिवस गेले. तेव्हा काम शिकागोबाहेर अरगॉनच्या जंगलात हलवलेल्या भट्टीवर चालू होतं. तिथला प्रमुख वॉल्टर झिन. त्याला कळलं तर तो भट्टीच्या आसपासही फिरकू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने फर्मींना तेवढं सांगितलं आणि बाकी सगळ्यांपासून लपवलं. कामाचा ढगळ डगला, वर डेनिमचं जाकीट, खिशांत हत्यारं, टेप, वह्या कोंबलेल्या. पोट त्यात झाकून गेलं. सकाळी कामावर पोचायचं, उलटी करायची आणि लगेच कामाला लागायचं, असं चाललं होतं. बाळंतपणाच्या दोन दिवस आधीपर्यंत ती कामावर होती. १९४४ मध्ये मुलगा झाला, पीटर. आठवड्याभरात बाई परत कामावर!

हे वाचून छाती फुगावी की धडधडावी? माझी तरी दोन्ही झाली. किरणोत्सर्गाच्या जागी गरोदर बाईने काम करण्याबाबत आज कडक नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण पोट दिसलं की काम काढून घ्यायचं, ही भीतीही खोटी नव्हती.

त्याच वर्षी तान्ह्या पीटरला घेऊन मंडळी हॅनफर्डला गेली. बाळ सांभाळायला लिओनाची आई आली. (आई नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न कुठल्याच देशात चुकत नाही.) हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या दोन गावांतल्या शेतकऱ्यांना १९४३ मध्ये थोड्या आठवड्यांच्या मुदतीत उठवलं होतं. नदीवर मासेमारी करणाऱ्या वानापम आदिवासींनाही. त्यांच्या जागी मजुरांची छावणी उभी राहिली, ऐन कामाच्या काळात ४५ हजारांवर माणसांची. बायकांच्या बराकींभोवती कुंपण. काय बनतंय ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं. बनत होतं प्लुटोनियम, बॉम्बचा मालमसाला. लिओनाला मात्र ते ठाऊक होतं.

२६ सप्टेंबर १९४४ च्या रात्री बी रिॲक्टर चालू झाला. काही तास नीट चालला आणि मग त्याची ताकद आपोआप घटत जाऊन तो बंदच पडला. कुणी काही बिघडवलं नव्हतं. काही तासांनी आपोआप पुन्हा जागा झाला, पुन्हा मंदावला. लिओना, तिचा नवरा, फर्मी, जॉन व्हीलर, सगळे त्याच्यामागे लागले. कारण सापडलं. भट्टीतच झेनॉन नावाचा वायू तयार होत होता आणि तो न्यूट्रॉन गिळून टाकत होता, चुलीत धूर कोंडून जाळ बसावा तसा. शास्त्रज्ञांच्या हिशोबात युरेनियम घालायला १५०० नळ्या पुरेशा होत्या. पण ड्यूपॉन्टच्या इंजिनिअरांनी हट्टाने २००४ नळ्यांची सोय करून ठेवली होती, त्यावर शास्त्रज्ञ कुरकुरलेही होते. आता त्याच जादा नळ्या भरल्या आणि भट्टी सुरळीत चालली. घरात पाहुणे येतील म्हणून दोन वाट्या तांदूळ जास्त घेणारी बाई हे लगेच समजेल.

तिथलं प्लुटोनियम नागासाकीवरच्या बॉम्बमध्ये गेलं. तारीख ९ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी लिओनाला २६ वर्षं पूर्ण झाली. नागासाकीत वर्षअखेरपर्यंत सुमारे ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे, त्यांत तिच्या पीटरच्या वयाची किती असतील.

लिओनाला याचा पश्चात्ताप झाला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण अशा गोष्टीत शेवटी नायिकेच्या डोळ्यांत पाणी यावं अशी आपली अपेक्षा असते. तिचा भाऊ आणि बहिणीचा नवरा पॅसिफिकच्या आघाडीवर होते, युद्ध लांबलं असतं तर ते परत आले नसते, असं तिचं म्हणणं. ते तिने आयुष्यभर बदललं नाही. मला ते पटत नाही. पण तो भाऊ माझा नव्हता, हेही खरं.

पुढचं आयुष्य तसं प्राध्यापकी. पहिला संसार १९६६ मध्ये मोडला, मग कार्बनवरून वस्तूचं वय काढण्याची पद्धत शोधणारे विलार्ड लिबी यांच्याशी तिने लग्न केलं. जुन्या झाडांच्या वर्तुळांवरून शेकडो वर्षांपूर्वीचं हवामान शोधायचं काम तिने केलं. १९७९ मध्ये आत्मकथन लिहिलं. १० नोव्हेंबर १९८६ रोजी कॅलिफोर्नियात ती गेली.

त्याच १९८६ च्या सुरुवातीला, हॅनफर्डच्या आसपासच्या लोकांच्या रेट्याने सरकारने १९ हजार पानांची जुनी कागदपत्रं खुली केली. त्यातून कळलं की सुरुवातीच्या वर्षांत कारखान्याच्या धुराड्यांतून किरणोत्सारी आयोडीन मोठ्या प्रमाणात हवेत गेलं होतं. १९४९ च्या डिसेंबरमध्ये तर एका प्रयोगासाठी मुद्दाम सोडलं होतं. ते गवतावर बसलं, गवत गाईंनी खाल्लं, दूध पोरांनी प्यायलं. आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं, आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त. ताज्या दुधाचा पेला पुढ्यात ठेवणाऱ्या तिथल्या आयांना चाळीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

बी रिॲक्टर १९६८ मध्ये बंद झाला, २००८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरला आणि २०१५ पासून राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. त्याच आवारात जमिनीखाली १७७ टाक्या आहेत. प्लुटोनियम काढून उरलेला किरणोत्सारी चोथा त्यांत साठवला, सुमारे २१ कोटी लिटर. काही टाक्या गळल्या. १९८९ मध्ये सफाईचा करार झाला, सफाई अजून संपलेली नाही.