लुई ब्रेल: वर्गातली टेक्नॉलॉजी बदलणारा विद्यार्थी

मध्यंतरी एका शाळेत डिजिटल बोर्डवर कसं शिकवतात ते बघायला गेलो होतो. बोर्ड झकास होता. हृदयाचे कप्पे उघडत-मिटत होते, रक्त वाहताना दिसत होतं. पण पूर्ण तासभर बोर्डाचा पेन सरांच्याच हातात होता आणि मुलं नुसती बघत बसली होती. घरी येताना मला लुई ब्रेल आठवले. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका वर्गातही अडचण साधारण हीच होती. ती सोडवली तिथल्याच एका विद्यार्थ्याने. आज त्याची गोष्ट सांगतो.

गाव आणि अपघात

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कुव्रे गावातला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवायचे. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळता खेळता एक टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेलं. संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. तरीही घरच्यांनी त्याला गावच्या साध्या शाळेत घातलं. ऐकून ऐकून तो चांगलं शिकायचा. पण बाकीची मुलं पुस्तक उघडायची, तेव्हा त्याच्यासाठी काहीच नसायचं.

१८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत आला. शाळा व्हॅलेंटिन आउई यांनी सुरू केलेली. तिथे पुस्तकं होती! ओल्या कागदावर नेहमीच्या अक्षरांचे ठसे दाबून ती उठावदार केलेली असत. त्या काळात हे मोठंच पाऊल होतं. पण अडचण बघा. अक्षरं बोटाला कळावीत म्हणून मोठी ठेवावी लागत, त्यामुळे पुस्तकं अवजड आणि संख्येने मोजकीच. प्रत्येक अक्षराचा आकार चाचपत वाचायचं, म्हणजे वेग कमी. आणि सर्वात मोठी गोष्ट, मुलांना त्या पद्धतीने सहज लिहिता येत नव्हतं. ही अक्षरं सोयीची होती ती डोळस शिक्षकांना.

बारा ठिपके, मग सहा

१८२१ मध्ये चार्ल्स बार्बिए यांची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. एका चौकटीत दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत जास्तीत जास्त सहा ठिपके. पाटीवर कागद ठेवायचा आणि टोचणीने ठिपके उमटवायचे. म्हणजे मुलांना स्वतः लिहिता येऊ लागलं. पण ही लिपी उच्चारावर चालायची, त्यामुळे स्पेलिंग नाही, विरामचिन्हं नाहीत. शिवाय उंच चौकट बोटाच्या टोकाखाली मावायची नाही, बोट वर-खाली फिरवावं लागायचं.

लुई तेव्हा बारा वर्षांचा. पुढची तीन वर्षं तो यातच गुंतला होता. १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत आकाराला आली. त्याने ठिपके निम्मे केले: दोन रांगा, प्रत्येकी तीन. अख्खी चौकट एका स्पर्शात कळते. आजच्या भाषेत सांगायचं तर हा सहा बिटचा कोड आहे. प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही, म्हणजे एकूण ६४ शक्यता; कोरी जागा सोडली तर ६३ चिन्हं. रचनाही डोकं लावून केलेली. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार जागांत बसतात. पुढच्या दहांसाठी तीच चिन्हं घ्यायची आणि खाली डावीकडे एक ठिपका वाढवायचा. पाठ करायला किती सोपं!

१८२९ मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपात मांडली. त्यात संगीताची सोयही होती, कारण लुई स्वतः ऑर्गन वाजवायचा. सुरुवातीला काही चिन्हांत ठिपक्यांबरोबर छोट्या रेघाही होत्या. १८३७ च्या आवृत्तीत त्या गेल्या आणि फक्त ठिपके राहिले. पहिली आवृत्ती वापरून बघायची आणि नको ते काढून टाकायचं, हे आज सॉफ्टवेअरवाले करतात तेच.

शिक्षक झाल्यावर

दरम्यान लुई त्याच शाळेत शिकवू लागला होता. आता ते ब्रेल सर होते. अंध मुलांनी डोळस घरच्यांना पत्र कसं लिहायचं, हा पुढचा प्रश्न त्यांनी घेतला. १८३९ मध्ये त्यांनी ठिपक्यांच्या जाळीतून नेहमीच्या अक्षरांचे आकार काढायची पद्धत मांडली. मग पिएर फुको या दृष्टिहीन मित्राने त्यासाठी यंत्रच बनवलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आठवतोय? कल्पना तीच.

आणि नेमकं तेव्हाच संकट आलं. १८४० मध्ये शाळेचे संचालक बदलले. नव्या संचालकांना डोळसांच्या अक्षरांसारखीच लिपी हवी होती. ब्रेल लिपी वर्गातून बाहेर काढली गेली. विचार करा, ज्या मुलांना नुकतंच स्वतःचं स्वतः लिहिता येऊ लागलं होतं, त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. मुलं ऐकली नाहीत, ती लपूनछपून ठिपके टोचत राहिली. अखेर उपप्रमुख जोसेफ ग्वादे यांना पद्धत पटली आणि १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला लोकांसमोर तिचं प्रात्यक्षिक झालं.

ब्रेल यांना क्षयाने पोखरलं होतं. ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ व्या वर्षी ते गेले. फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. त्यांना ते कळलंच नाही. १९५२ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथेऑनमध्ये नेले, पण हातांचे अवशेष कुव्रेतच ठेवले आहेत.

आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं. त्यात मराठीचा ‘क’ आणि ब्रेल यांचा ‘के’ एकाच चिन्हाने लिहितात. आज कॉम्प्युटरला जोडायचे ब्रेल डिस्प्ले आहेत, त्यांत बारीक पिना वर-खाली होऊन ओळ बोटाखाली येते. सहाचे आठ ठिपके झाले, तरी पाया तोच.

म्हणून वर्गासाठी एखादं उपकरण किंवा अ‍ॅप निवडताना मी आता स्क्रीन किती मोठी, चित्रं किती छान, हे नंतर बघतो. आधी एवढंच विचारतो की यावर मुलाला स्वतः काही लिहिता, चुकवता आणि खोडून पुन्हा करता येतं का. त्या शाळेत पुन्हा गेलो, तर बोर्डाचा पेन तासात किती मिनिटं मुलांच्या हातात असतो, तेवढंच घड्याळ लावून बघणार आहे.