एक कोंबडी आणि ५५ वर्षं

कोविडच्या दिवसांत नाकात काडी घालून केलेली ती टेस्ट आठवतेय ना? आरटी-पीसीआर. त्यातलं पीसीआर बायोटेकवाल्यांना पाठ असतं. पण ‘आरटी’चा माग काढत मागे गेलं, तर आपण थेट पोचतो १९०९ सालच्या न्यूयॉर्कमध्ये, एका आजारी कोंबडीपाशी. प्लायमाउथ रॉक जातीची, अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि छातीत एक गाठ. ही कोंबडी ज्यांच्या टेबलावर आली ते होते डॉ. पेटन राऊस. वय तिशीच्या उंबरठ्यावर, आणि रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधली नोकरी अगदी नवी.

पेटनचा जन्म १८७९ चा, बाल्टिमोरचा. तो ११ वर्षांचा असताना वडील गेले. आईचं माहेर टेक्सासचं. पण मुलांची शिक्षणं नीट व्हावीत म्हणून तीन मुलांना घेऊन ती बाल्टिमोरमध्येच राहिली. पैशांची ओढाताण होतीच. पोराला फुलापानांचं भारी वेड. तो बाल्टिमोरच्या पेपरात दर महिन्याला एका फुलावर लेख लिहायचा. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये मेडिकलला गेला आणि तिथे शवविच्छेदन करताना टीबी झालेल्या हाडावर त्याचं बोट खरचटलं. साधं खरचटणं, पण टीबीने त्यालाच गाठलं. काखेतली गाठ कापून काढावी लागली. त्या काळी टीबीवर औषध नव्हतं. मोकळ्या हवेत जा, एवढाच सल्ला. मग या भावी डॉक्टरने वर्षभर टेक्सासच्या रँचवर गुरं राखली. खराखुरा काऊबॉय! वाचला, परत आला आणि १९०५ मध्ये डॉक्टर झाला. पेशंट तपासणं हे आपलं काम नाही, हे लवकरच लक्षात आल्यावर त्याने पॅथॉलॉजीची आणि रिसर्चची वाट धरली.

तर ती कोंबडी. लाँग आयलंडवरच्या एका फार्मवरून ती लॅबमध्ये आली होती. गाठ तपासली तर निघाला सार्कोमा, म्हणजे स्नायू वगैरे ऊतींमधला कॅन्सर. राऊसनी गाठीचा तुकडा दुसऱ्या कोंबड्यांत टोचला. सुरुवातीला तो फक्त त्याच कळपातल्या, तिच्या नात्यातल्या कोंबड्यांत रुजला. इतर कोंबड्यांचं शरीर त्याला दाद देईना. पण एकीतून दुसरीत असं करत करत गाठ जास्त जहाल होत गेली. इथवर फार नवल नव्हतं. जिवंत कॅन्सरपेशी दुसरीकडे लावल्या की वाढू शकतात, हे उंदरांमध्ये दिसलेलं होतं.

पुढची स्टेप मात्र नवी होती. राऊसनी गाठ वाटली, तिचा अर्क काढला आणि तो बर्कफेल्ड फिल्टरमधून गाळला. या गाळणीची छिद्रं इतकी बारीक, की पेशी सोडाच, बॅक्टेरियासुद्धा पलीकडे जात नाहीत. खाली उतरलं ते स्वच्छ पाणी कोंबडीला टोचलं. आणि तिला कॅन्सर झाला! पेशी एकही नाही, तरीही तोच कॅन्सर. म्हणजे पेशीहून कितीतरी लहान असं काहीतरी हा आजार घडवत होतं. ते काय असावं, हे राऊस यांनी फार जपून लिहिलं. आज आपण त्याला राऊस सार्कोमा व्हायरस म्हणतो. पेपर छापून आला १९११ मध्ये, राऊस तेव्हा ३१ वर्षांचे होते.

कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांनी १९०८ मध्ये कोंबड्यांचा ल्युकेमिया असाच गाळलेल्या द्रवातून पसरवून दाखवला होता. पण त्या काळी ल्युकेमियाला कॅन्सर मानतच नव्हते, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. राऊस यांची गाठ तर उघडउघड कॅन्सरची. मग लोक काय म्हणाले? गाळणी गळकी असेल. नाहीतर हा कॅन्सरच नसेल. आणि असलाच, तर शेवटी कोंबडीच ती. पक्ष्यांचं माणसाला कशाला लावायचं? शंका घेणाऱ्यांना सरसकट मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. कॅन्सरचा जंतू सापडला असे दावे तोवर बरेच होऊन गेले होते आणि सगळे फुसके निघाले होते. रोज पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरांनाही कॅन्सर घरात एकाकडून दुसऱ्याला लागताना दिसत नव्हता.

राऊस यांनी जेम्स मर्फी यांच्यासोबत कोंबड्यांच्या आणखी दोन वेगळ्या गाठींमध्ये हेच दाखवलं. उंदरांत मात्र असा विषाणू काही सापडेना. १९१५ च्या सुमाराला त्यांनी हा विषय बाजूला ठेवला. ना भांडण, ना आदळआपट.

आणि रिकामे बसले नाहीत. पहिलं महायुद्ध सुरू होतं. जे. आर. टर्नर यांच्यासोबत त्यांनी सायट्रेट आणि ग्लुकोज घालून रक्त बरेच दिवस टिकवण्याची पद्धत बसवली. त्यांच्याच लॅबमध्ये काम केलेले ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर असं साठवलेलं रक्त जखमी सैनिकांना दिलं. आजच्या ब्लड बँकेची ती सुरुवात. सेल कल्चरच्या प्रॅक्टिकलला ट्रिप्सिन घालून पेशी सुट्या करता ना? ती युक्तीही याच काळातली, राऊस यांचीच. कॅन्सर सोडल्यावरचं हे ‘साइड वर्क’ बरं का!

कॅन्सरकडे ते परतले ते मित्रामुळे. रिचर्ड शोप यांना १९३३ मध्ये रानसशांच्या अंगावर शिंगांसारखे चामखीळ आणणारा विषाणू सापडला. त्यांनी तो राऊसच्या हवाली केला. याच चामखिळांचा पुढे कॅन्सर होतो, हे राऊस यांनी दाखवलं. सस्तन प्राणी झाला, आता कोंबडीचं निमित्त चालणार नव्हतं. राऊस तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. १९४५ मध्ये रिटायर झाल्यावरही त्यांनी लॅब सोडली नाही.

नोबेलसाठी त्यांचं नाव पहिल्यांदा गेलं १९२६ मध्ये. मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, कोंबडीच्या पेपरनंतर ५५ वर्षांनी. तोवर जावई अॅलन हॉजकिन यांनी १९६३ मध्येच नोबेल पटकावलं होतं. सासऱ्यांच्या तीन वर्षं आधी!

आता या गोष्टीतला मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग. कॅन्सर पेशीतल्या जनुकांमधल्या बदलामुळे होतो, हा विचार तेव्हा जोर धरत होता. राऊस यांना तो साफ नामंजूर. नोबेलच्या भाषणातही त्यांनी त्याविरुद्ध युक्तिवाद केला. ज्यांचं म्हणणं एकेकाळी कुणी मानलं नाही, तेच आता नव्या पोरांचं मानत नव्हते.

फेब्रुवारी १९७० मध्ये राऊस गेले. त्याच वर्षी जूनमध्ये हॉवर्ड टेमिन यांनी राऊसच्याच विषाणूत एक एन्झाइम दाखवलं, आरएनएवरून उलट डीएनए बनवणारं: रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. डेव्हिड बाल्टिमोर यांनाही ते त्याच वेळी स्वतंत्रपणे सापडलं. आरटी-पीसीआरमध्ये कोरोनाच्या आरएनएचा डीएनए करणारं ‘आरटी’ ते हेच.

मग १९७६. कोंबडीला कॅन्सर देणारा राऊस विषाणूतला जीन तोवर ओळखला गेला होता, त्याचं नाव सार्क. मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लॅबने तो निरोगी पक्ष्यांच्या डीएनएत शोधला. कोंबडीत सापडला. लाव्हा, टर्की आणि बदकातही सापडला. थेट इमूपर्यंत तो होता, आणि पुढे माणसातही निघाला. म्हणजे हा जीन विषाणूचा नव्हताच. तो पेशीचा स्वतःचा होता, वाढीचं काम बघणारा. विषाणूने तो कधीतरी कुठल्यातरी कोंबडीच्या पेशीतून उचलला होता, आणि बिघडलेल्या रूपात पुढच्या कोंबड्यांना वाटत सुटला होता.