पांडुरंगाच्या दारी पांडुरंग

पंढरीस जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं पाऊल नामदेव पायरीशी क्षणभर थबकतं. तिथंच महाद्वारासमोर चोखोबारायांची समाधी आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ साली, त्यांचा देह पडला आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी इथं आणल्या, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो आणि डोळे पुसत आलो. पण त्यानंतर सहाशे वर्षं चोखोबांच्या जातभाईंना त्या समाधीपुढची वाट बंद होती, याचं दुःख किती जणांना झालं? ज्यांना ते सोसवलं नाही, त्यांतले एक साने गुरुजी.

नाव पांडुरंग, वडिलांचं नाव सदाशिव. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणात पालगडचा. घराणं खोतांचं, पण गुरुजींच्या वाट्याला आली ती गरिबीच. आई मात्र अशी लाभली की तिच्या शिकवणुकीवर त्यांनी पुढं नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. ते पुस्तक घराघरांत आहे, म्हणून त्याबद्दल इथं अधिक लिहीत नाही. एम. ए. होऊन १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरावी, खोल्या झाडाव्या, कपडे धुवावे, आणि कोणाला सांगू नये, अशी त्यांची रीत. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं केली, ती उतरून घेतली गुरुजींनीच. ही ‘गीता प्रवचने’ आज आपल्या कितीतरी फडांवर वाचली जातात. लिहून घेणाऱ्या हाताची आठवण मात्र थोड्यांनाच असते.

असा हा हळवा माणूस. कोणाचं मन दुखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तरी १९४६ साली त्यानं जाहीर केलं की विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं होईपर्यंत मी उपोषण करीन. सेनापती बापटांसारख्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आधी लोकांना समजावा. गुरुजींनी ते मानलं. मग महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, सभा घेतल्या. सेवादलाची मुलं गाणी म्हणत बरोबर असत. कित्येक गावांतल्या विहिरी आणि देवळं खुली झाली. पंढरीचं दार मात्र मिटलेलंच होतं.

१ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झालं. पंढरपुरात त्यांना जागा द्यायलाही सहज कोणी पुढं येईना. अखेर तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण त्या वेळी विरोध करणाऱ्यांत नुसते बडवेच नव्हते. आपल्या संप्रदायातली मंडळीही होती. नामाच्या गजरात जात विसरणारे आपण, गाभाऱ्यापाशी आलो की आपली जात आपल्याला आठवत होती. अशा वेळी मठाचं दार उघडणं म्हणजे आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेणं. महाराजांनी तो घेतला.

वैशाखातला उन्हाळा आणि पोटात अन्न नाही. पण गुरुजींना भुकेहून मोठा चटका निराळाच बसला. ज्या गांधीजींच्या पायांशी त्यांनी आपलं आयुष्य वाहिलं, त्यांच्याचकडून उपोषण सोडण्याचा सल्ला आला. त्यांच्यापर्यंत अपुरी हकीकत गेली होती. आता काय करावं? गुरूचा शब्द मोडावा, की अंतरीची साक्ष मोडावी? एकलव्याला अंगठा देऊन सुटता आलं. इथं तेही नव्हतं. गुरुजी व्याकुळ झाले, पण उपोषण त्यांनी सोडलं नाही. गांधीजींवरची भक्तीही तसूभर कमी केली नाही. दोन्ही एकाच हृदयात कशी धरली असतील, ते पांडुरंगच जाणे!

दादासाहेब मावळंकर पंढरपुरास आले, बडव्यांशी बोलणी झाली, आणि १० मे रोजी दहा दिवसांचं उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. मंदिर खुलं झालं. कोणी म्हणू लागलं की मूर्तीतलं तेज घागरीत काढून ठेवलं आहे, आता आत नुसता दगड उरला. घागरीला हात जोडणारेही निघाले. अठ्ठावीस युगं विटेवर उभा राहिलेला देव एका घागरीत मावला म्हणे! वाद शांत व्हायला बरीच वर्षं लागली.

पुढं गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक काढलं. गांधीजींच्या खुनानं ते आतून खचले होते. ११ जून १९५० रोजी ते गेले, पन्नास वर्षांचे असताना.

पुढच्या वारीस दर्शनबारीत उभे राहण्याआधी, माउली, तनपुरे महाराजांच्या मठाकडे पाऊल वळवा. आणि महाद्वारी चोखोबांपुढं डोकं टेकवाल, तेव्हा जरा जास्त वेळ टेकवा.