गागोद्याचे विनोबा आणि पाचारणाचे मोल

पेण-रोह्याच्या मुलखात विनोबा भावे भूदानामुळे ठाऊक आहेत. नव्या करारातील वेचे निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध करणारे विनोबा मात्र क्वचितच आठवतात. ईश्वराचे पाचारण हे कृपेचे दान आहे, ते कोणी कमावू शकत नाही, पण त्यास शोभेसे जगावे लागते, ही ख्रिस्ती श्रद्धा. विनोबा ख्रिस्ती झाले नाहीत. तथापि या श्रद्धेचा अर्थ त्यांच्या चरित्रात लख्ख दिसतो.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली त्यांचा जन्म झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरून काशीस गेला आणि त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली. विनोबांनी तीत स्वतःचे कर्तृत्व पाहिले नाही. ईश्वराची खूण पाहिली आणि तेरा वर्षे देश पायी तुडविला. १९६० मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

भूदानातील पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हेही सत्य आहे. दान मिळाले, ते लायकीने सांभाळणारे हात अपुरे पडले. १९८२ साली पवनारला विनोबांनी देह ठेवला. आपणांसही शिक्षण, आरोग्य, चाकरी यांतील कितीतरी न कमावता लाभले आहे. त्या दानास आपले वर्तन शोभते काय?