लष्करी गणवेशातून सुरांच्या दरबारात : संगीतकार मदनमोहन

हिंदी चित्रपटसृष्टीत गझलेला स्वतःचे घर मिळवून देणारे संगीतकार मदनमोहन हे ऐन तारुण्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी अधिकारी होते, ही गोष्ट त्यांच्या अनेक चाहत्यांना आजही ठाऊक नसते. त्यांच्या चालींतील हळवेपणा ऐकणाऱ्याला कवायतीच्या मैदानाची आठवण होण्याचे कारणही नाही. परंतु या दोन जगांचे नाते त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत टिकले.

मदनमोहन कोहली यांचा जन्म 25 जून 1924 रोजी बगदाद येथे झाला. वडील रायबहादूर चुनीलाल तेथील पोलीस खात्याच्या हिशेब विभागात नोकरीला होते. पुढे हे कुटुंब मायदेशी परतले आणि चकवाल, लाहोर असा प्रवास करीत मुंबईत स्थिरावले. चुनीलाल आधी बॉम्बे टॉकीजशी आणि नंतर फिल्मिस्तान या संस्थेशी निगडित झाले. घरात चित्रपटाचे वातावरण होते. मात्र मुलाने त्या बेभरवशाच्या व्यवसायात पडावे, हे वडिलांना मान्य नव्हते. देहरादूनच्या कर्नल ब्राऊन शाळेत शिक्षण झाल्यावर 1943 मध्ये मदनमोहन सेकंड लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे 19 वर्षांचे होते.

दोन वर्षांनी युद्ध संपले. प्रतिष्ठेची नोकरी हाती असतानाही त्यांनी गणवेश उतरवला आणि ते संगीताकडे वळले. कोणत्याही घराण्याची रीतसर तालीम नसलेल्या तरुणासाठी हा निर्णय धाडसाचाच होता. 1946 मध्ये त्यांनी लखनौच्या आकाशवाणी केंद्रात नोकरी धरली. उस्ताद फैयाज खाँ, उस्ताद अली अकबर खाँ, बेगम अख्तर, तलत महमूद अशा कलावंतांचा सहवास त्यांना तेथे लाभला. गुरुकुलात जे मिळाले नव्हते, ते त्यांनी ध्वनिमुद्रण कक्षाच्या दाराशी उभे राहून मिळवले. ठुमरी आणि गझल यांचा संस्कार त्यांच्यावर झाला तो येथेच.

मुंबईत परतल्यावर सचिनदेव बर्मन आणि श्यामसुंदर यांच्याकडे सहायक म्हणून उमेदवारी करीत असतानाच त्यांनी गायक म्हणूनही नशीब आजमावून पाहिले. 1948 च्या ‘शहीद’साठी लता मंगेशकर यांच्याबरोबर त्यांचे एक युगुलगीत ध्वनिमुद्रित झाले, पण चित्रपटात ते वापरले गेले नाही. बहीण-भावाचे ते गीत बाजूला पडले, तरी त्या दिवशी जुळलेले बहीण-भावाचे नाते मात्र कायम राहिले. 1950 च्या ‘आँखें’ने ते स्वतंत्र संगीतकार झाले आणि पुढच्याच वर्षी ‘अदा’मध्ये लताबाई त्यांच्यासाठी प्रथम गायल्या. मूळ मंगेशीच्या असलेल्या या स्वराने ‘अदालत’, ‘अनपढ’, ‘वह कौन थी’ या चित्रपटांत मदनमोहन यांच्या गझलांना जे रूप दिले, त्याला तोड नाही.

1964 मध्ये मात्र त्यांच्यातला जुना सैनिक पुन्हा जागा होण्याचा प्रसंग आला. 1962 च्या चीन युद्धावर चेतन आनंद यांनी ‘हकीकत’ काढला. पराभवाची जखम ताजी होती. अशा वेळी केवळ जोशपूर्ण समरगीते देऊन भागणार नव्हते. कैफी आझमी यांच्या शब्दांना मदनमोहन यांनी दिलेल्या चालींत आरोळी नाही. घरची आठवण आहे, थकवा आहे आणि मरणाच्या दारातही न ढळणारे कर्तव्य आहे. मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि नवोदित भूपिंदर सिंग या चार आवाजांत बांधलेले गीत ऐकताना बर्फात अडकलेले जवान डोळ्यांसमोर उभे राहतात. रफींच्या स्वरातील अखेरचे गीत तर आज प्रत्येक स्वातंत्र्यदिनी गावोगावी वाजते.

एवढे कर्तृत्व असूनही फिल्मफेअर पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही. ‘दस्तक’साठी राष्ट्रीय पुरस्काराचा मान तेवढा लाभला. उपेक्षेची सल त्यांच्या मनात होती आणि मद्याने शरीर पोखरले होते. 14 जुलै 1975 रोजी, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी, यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. ‘मौसम’ आणि ‘लैला मजनू’ यांचे यश पाहायला ते राहिले नाहीत.

निधनानंतर जवळपास तीन दशकांनी, 2004 मध्ये, पुत्र संजीव कोहली यांनी जपून ठेवलेल्या त्यांच्या अप्रकाशित चालींवर ‘वीर-झारा’ची गीते उभी राहिली आणि एका नव्या पिढीने ती डोक्यावर घेतली. त्या चित्रपटाचा नायकही हवाई दलातील अधिकारीच होता. ज्या गणवेशाचा मदनमोहन यांनी तरुणपणी निरोप घेतला, त्याच गणवेशातील नायकाच्या ओठी त्यांचे सूर अखेर पुन्हा आले.