व्यसनींना माणूस मानणाऱ्या डॉ. अनिता अवचट

ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, मुंबई-पुण्याच्या तरुणाईपर्यंत पोहोचली. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थविरोधी कठोर कायदा केला. विक्रेत्यांना शिक्षा व्हावी, याविषयी दुमत नव्हते. परंतु या विळख्यात सापडलेल्या मुलाला न्यायचे कोठे, हा पालकांचा प्रश्न अनुत्तरितच होता. पुण्यात त्याचे उत्तर शोधले ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. घरी आणि मित्रपरिवारात त्या सुनंदा म्हणून परिचित होत्या.

अनिताताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात कार्यरत होत्या. पती डॉ. अनिल अवचट यांचे गर्दविषयीचे लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी दिलेल्या देणगीच्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

औषधांनी शरीराचा त्रास शमतो, तलफ मात्र मनात दबा धरून बसते, हे अनिताताईंनी ओळखले होते. म्हणूनच समुपदेशन, गटचर्चा आणि नियमित दिनक्रम यांना त्यांनी उपचारात मानाचे स्थान दिले. व्यसनी हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे, ही त्यांची धारणा होती. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते म्हणून उभे केले. त्या आजाराची झळ सोसणाऱ्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आला. केंद्रातून घरी गेलेला रुग्ण पुन्हा घसरू नये म्हणून पाठपुराव्यावर भर राहिला.

पुढे कर्करोगाने त्यांना गाठले. दुखणे सोसत त्यांनी काम चालूच ठेवले. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ही धुरा पुढे वाहिली.

गर्दची जागा आता अन्य अमली पदार्थ घेत आहेत, आणि हे संकट महानगरांपुरते उरलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात रोहिणा येथे मेफेड्रॉन बनविणारा कारखाना महसूल गुप्तचर संचालनालयाने उघडकीस आणला. अशा कारवाईने पुरवठ्याला आळा बसतो. व्यसन जडलेला तरुण मात्र त्यामुळे बरा होत नाही. लातूर असो वा नांदेड, छाप्यांइतकीच गरज आहे ती विश्वासाने पाऊल टाकता येईल अशा उपचारकेंद्राच्या दाराची. अनिताताईंनी असे एक दार उघडून दाखविले होते.