देवाची जमीन, पोरांची शाळा

बँकेत असताना शेतीची गहाणखतं रोज हाताखालून जायची. म्हणून असेल, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या चरित्रात मी थबकतो तो ऑक्सफर्डच्या डॉक्टरेटपाशी नव्हे. पोरगा विलायतेत शिकावा म्हणून वडिलांनी अमरावती जिल्ह्यातल्या पापळची शेती गहाण टाकली, तिथं.

१९३० साली भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक आणलं. देवाच्या नावावरच्या मिळकतीचं उत्पन्न शिक्षणासारख्या लोकांच्या कामी यावं, एवढंच त्यांचं मागणं. वक्फच्या मिळकतींचा हिशेब न्यायालयात देणं मुतवल्लींना १९२३च्या कायद्यानं भागच पडलं होतं. इथं मात्र विरोध उसळला. हिशेब मागितला की धर्म आठवतो, हा अनुभव तसा जुनाच!

मंत्रिपद गेलं, पण शाळा थांबल्या नाहीत. देवस्थानांकडून न आलेला पैसा त्यांनी शेतकऱ्यांकडून गोळा केला. अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेनं वऱ्हाडभर शाळा-महाविद्यालयं काढली. १९६५ मध्ये भाऊसाहेब गेले. चार वर्षांनी अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं, त्याला नाव त्यांचंच. तिथं आज शेकडो एकरांवर बियाणं पिकतं, आणि गहाण पडलेल्या शेतांतली पोरंही तिथंच शिकतात.